सगळं ‘लो’ करूनही गेम झटके का देतो?

तुझा प्रश्न मला कळला तो असा. आय-फाइव्ह १०४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी आणि दिवाळीत घेतलेला १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. खेळतोस व्हॅलोरंट, मधूनमधून काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २), दोन्ही गोळीबाराचे शूटर गेम. एका व्हिडिओत बघून सगळी सेटिंग लो केलीस, रिझोल्यूशन १०८० वरून ७२० ला आणलंस. व्हॅलोरंटमध्ये ‘फारसा फरक पडला नाही’ असं तूच लिहिलंयस. कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला निघणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) १८०-२०० दिसतो, पण समोरून दोघं-तिघं आले, चार स्मोक (धुराचे पडदे) पडले, की चित्र अडकतं आणि तोवर तू मेलेला असतोस. आता नवं कार्ड घ्यावं का, आणि सेटिंग नेमकी काय ठेवावी?

कार्ड घेऊ नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

‘दादा’ म्हणालास म्हणून अरे-तुरेच करतो. सोलापुरात पंधरा-सोळा वर्षं पीसी जोडायचा आणि दुरुस्त करायचा धंदा आहे, मधली काही वर्षं आठ मशीनचा गेमिंग कॅफेही चालवला. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा फोनवरची कितीतरी पोरं माऊस-कीबोर्डकडे वळली. तेव्हापासून ‘बेस्ट सेटिंग सांगा’ म्हणत आठवड्याला तीन-चार जण तरी येतात. मी उलट विचारतो, कुणाच्या मशीनसाठी? व्हिडिओतल्या माणसाची सेटिंग त्याच्या मशीनला बेतलेली असते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून कुणाला नीट दिसलंय का?

आधी तो १८०-२०० चा आकडा बाजूला ठेव. तो सरासरीचा आहे, आणि शूटर गेममध्ये सरासरी फार फसवते. समजा, स्टँडवरून अक्कलकोटला दिवसाला वीस गाड्या सुटतात. ऐकायला छान वाटतं. पण तीन गाड्या एकामागे एक गेल्या आणि नंतर दीड तास एकही नाही, तर उभ्या माणसाला त्या विसाचा काय उपयोग? फ्रेमचंही तसंच. १४४ एफपीएस म्हणजे दर फ्रेमला साधारण ६.९ मिलिसेकंद, ६० एफपीएस म्हणजे १६.७. सेकंदभरात दीडशे फ्रेम भराभर आल्या आणि मध्येच एक फ्रेम ६० मिलिसेकंद अडकली, तरी कोपऱ्यातला आकडा झकासच दिसतो. ती एक फ्रेम बरोबर भांडणाच्या वेळी येते, कारण तेव्हाच मशीनवर काम पडतं. म्हणून बघायचं ते सगळ्यात खाली जाणाऱ्या आकड्याकडे. व्हॅलोरंटमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये स्टॅट्सचा टॅब आहे, तिथं एफपीएस आणि फ्रेम टाइम दोन्हींचे आलेख लाव. सीएस २ मध्ये टेलिमेट्री नावाखाली हेच मिळतं. आलेखाची रेघ सपाट हवी. सुया उभ्या राहिलेल्या दिसल्या तर तिथं तुझा झटका आहे.

आता तुझ्या प्रश्नातली खरी खूण. १०८० मध्ये एका फ्रेमला २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल रंगवावे लागतात, ७२० मध्ये ९ लाख २१ हजार ६००. म्हणजे तू कार्डाचं काम निम्म्याहून कमी केलंस, आणि एफपीएस हलला नाही. याचा अर्थ कार्ड आधीपासूनच हातावर हात ठेवून बसलं होतं. फ्रेम त्याच्यापर्यंत पोचायलाच उशीर होतोय. शत्रू कुठं आहे, गोळी कुठं लागली, कोणती वस्तू काढायची, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्याला लागणारा माल रॅममधून येतो. अडचण त्या बाजूला असली तर ग्राफिक्स कितीही लो केलंस तरी चित्र फक्त खराब होतं. तुझं तेच झालंय.

खात्री करायची असेल तर खेळताना टास्क मॅनेजर दुसरीकडे उघडा ठेव. जीपीयू (म्हणजे कार्ड) ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर कार्ड दमलंय. ५०-६० वर असेल आणि तरी एफपीएस वाढत नसेल, तर दोष दुसरीकडे. प्रोसेसर ४० टक्केच दिसतो म्हणून त्याला निर्दोष सोडू नकोस. तुझ्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा) आहेत. गेमचा मुख्य भार एखाद-दुसऱ्या थ्रेडवर पडतो, तो थ्रेड गच्च भरला तरी एकूण टक्केवारी कमीच दिसते.

आता तो मॉनिटर. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर जाऊन रिफ्रेश रेट (तोच हर्ट्झचा आकडा) बघ. माझ्याकडे १४४ चा मॉनिटर म्हणून येणाऱ्यांतले बरेच जण महिनोन्‌महिने ६० वर खेळत असतात, कारण विंडोज स्वतःहून तो आकडा वाढवेलच असं नाही. आणि एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल लाव. काही मॉनिटरांच्या एचडीएमआयला पूर्ण १४४ मिळत नाही, शिवाय तुझ्या कार्डावर फ्रीसिंकचा (फ्रेमच्या चालीप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणारा) मॉनिटर चालवायचा तर रस्ता डिस्प्लेपोर्टचाच. केबल मदरबोर्डला लावायची चूक तुझ्याकडून होणार नाही. प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थच असा की त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, तिथं लावलीस तर स्क्रीन काळीच राहील. बिनएफवाल्यांनी मात्र मॉनिटर मदरबोर्डला जोडून, दोन वर्षं कार्ड नुसतं गरम करत ठेवल्याचं मी पाहिलंय.

मग रॅम. माझ्या मते तुझ्या दुखण्याचं मोठं मूळ इथं आहे. आठ जीबीमध्ये विंडोज, डिस्कॉर्ड, ब्राउझरचे सहा टॅब आणि गेम एवढे सगळे दाटीवाटीनं बसतात. जागा संपली की विंडोज काही माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. डिस्क जुनी फिरणारी असेल तर तो झटका डोळ्यांना दिसतोच. दुसरी गोष्ट, पट्टी एकच आहे. तुझा प्रोसेसर डीडीआर४ची २६६६ पर्यंतची रॅम चालवतो. एका पट्टीतून सेकंदाला साधारण २१ जीबी माल जाऊ शकतो, दोन पट्ट्या दोन चॅनलवर बसवल्या की ४२. एकेरी रस्त्याचा दुपदरी होतो. व्हॅलोरंटसारख्या, प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये सरासरी थोडी वाढते, पण खाली पडणारे आकडे चांगलेच सावरतात. आणखी आठ जीबीची, त्याच वेगाची पट्टी घे. नव्या कार्डापेक्षा कितीतरी स्वस्तात काम होईल. ती येईपर्यंत खेळताना ब्राउझर बंद, आणि विंडोजच्या गेम बारचं मागून चालणारं रेकॉर्डिंग बंद.

पण पट्टी आणायच्या आधी एकदा कॅबिनेट उघड. सोलापूरकरांनी ही गोष्ट मनावर घ्यावी असं मी सगळ्यांनाच सांगतो.

मागच्या एप्रिलात अशोक चौकाच्या बाजूचा एक पोरगा मशीन घेऊन आला. तक्रार अशी की पहिली दहा-बारा मिनिटं गेम मस्त चालतो, मग एफपीएस अर्ध्यावर. हे ऐकल्याबरोबर निम्मं निदान होतं. सुरुवातीला चांगलं आणि नंतर वाईट म्हणजे गरमी. सेटिंगचा दोष असता तर पहिल्या मिनिटापासून दिसला असता. बाजूचं पॅन काढलं तर प्रोसेसरच्या कूलरवर पांढरा, जाड, चक्क विणल्यासारखा थर. घरात पुढच्या खोलीत टॉवेलचे माग, मागच्या खोलीत हा पीसी. सुताचे बारीक तंतू पंख्यानं ओढून ओढून कूलरच्या पात्यांमध्ये गच्च बसवले होते. मी चिमट्यानं धरून ओढला तर तळहाताएवढा तुकडा अख्खा निघाला. सोबत वडील आले होते, ते म्हणाले, ‘ह्येच्यात अजून एक नॅपकिन निघंल की!’ साफ करायच्या आधी प्रोसेसर ९८ अंशांवर चालत होता. इंटेलचे हे प्रोसेसर १०० ला पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात, त्यामुळं गेम अडकणारच. ब्रश मारला, ब्लोअरनं उडवलं, थर्मल पेस्ट मुगाच्या डाळीपेक्षा जरा मोठी ठेवून नवी लावली. तोच गेम, तीच सेटिंग, अर्ध्या तासानं ७६ अंश. सेटिंगला हातही लावला नव्हता.

ब्लोअर मारताना एक सांभाळ. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, नाहीतर हवेच्या झोतानं तो नको तेवढ्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नकोस.

घरात माग नसला तरी आपली हवा आहेच. कॅबिनेटचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतली आहे तीच हवा ढकलतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत खोली २५ अंशांवर असताना जे कार्ड ६८ वर चालतं, तेच मेमध्ये खोली ४० वर गेली की त्याच कामाला ८३ च्या घरात पोचतं. जीटीएक्स मालिकेतली बरीच कार्डं साधारण तिथूनच वेग आवरायला लागतात. म्हणजे जानेवारीत ठरवलेली सेटिंग मेमध्ये बरोबर असेलच असं नाही. मी माझ्या कॅफेत मार्चनंतर सगळ्या मशीनवर एफपीएसला मर्यादा घालायचो. पोरं कुरकुर करायची, पण मशीन दुपारी तीनलाही सारखं चालायचं.

आता सेटिंग. व्हिडिओवाले एकेक ओळ वाचून ‘लो, लो, ऑफ, लो’ सांगतात. मी वेगळा प्रश्न विचारतो: या ओळीचं ओझं कोण वाहणार? तुझं कार्ड व्हॅलोरंटमध्ये रिकामं आहे, तर जे काम फक्त कार्डावर पडतं ते वाढवायला हरकत नाही. प्रोसेसरवर पडणारं मात्र कमी ठेवायचं.

रिझोल्यूशन पहिल्यांदा १०८० ला परत आण. दूरच्या शत्रूचं डोकं १०८० वर १२ पिक्सेल रुंद दिसत असेल तर ७२० वर ते ८ होतं, आणि तेही मॉनिटर ओढूनताणून मोठं करतो म्हणून कडा पुसट. बदल्यात तुला काहीच मिळत नव्हतं. टेक्स्चरचा (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचा) संबंध जवळजवळ पूर्णपणे कार्डाच्या मेमरीशी. चार जीबीत मावतंय तोवर हाय ठेवलंस तरी एफपीएस जात नाही. मेमरी भरली की मात्र माल साध्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि मग झटके येतात. व्हॅलोरंटला मिडियम किंवा हाय, सीएस २ ला मिडियम. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग ८ वर ठेव. तिरप्या जमिनीचं आणि भिंतींचं चित्र लांबपर्यंत स्वच्छ राहतं, किंमत नगण्य. अँटी-अलायझिंग म्हणजे कडांच्या पायऱ्या गुळगुळीत करणं. व्हॅलोरंटमध्ये एमएसएए ४ लावून बघ, कार्ड दमलं तर २. इतर काही गेममध्ये टीएए नावाचा प्रकार असतो, तो मागच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करतो. गोष्ट सांगणाऱ्या गेमला छान, पण पळत्या माणसाच्या मागं धुरकट शेपूट सोडतो. शूटरमध्ये मला तो आवडत नाही.

व्हॅलोरंटचं डिटेल आणि मटेरियल लो. ब्लूम, डिस्टॉर्शन, व्हिन्येट बंद. याला विचार करावा लागत नाही, ते दिसायला आहेत, खेळायला नाहीत. मल्टिथ्रेडेड रेंडरिंग चालू असलंच पाहिजे, कारण तुझ्या सहा कोअरना त्यानंच काम मिळतं.

सावल्यांवर जरा थांबतो, कारण इथं दोन्ही गेम वेगळे आहेत आणि लोक सरसकट बंद करतात. सावली काढायची म्हणजे सगळं दृश्य उजेडाच्या जागेवरून पुन्हा एकदा काढावं लागतं, म्हणून ती प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही महाग. व्हॅलोरंटमधली कास्ट शॅडोज तुझ्या स्वतःच्या हातावर आणि बंदुकीवर पडणाऱ्या सावलीपुरती आहे. शत्रूची सावली दाखवत नाही, बिनधास्त बंद कर. सीएस २ मध्ये मात्र सावली म्हणजे खबर. कोपऱ्याआड उभ्या असलेल्या माणसाची सावली त्याच्या आधी जमिनीवर येते. तिथं डायनॅमिक शॅडोज सगळ्यांसाठी चालू ठेव आणि त्यासाठी लागला तर दुसरीकडचा खर्च काप: शेडर लो, पार्टिकल लो, अँबियंट ऑक्लूजन बंद. कॅफेत एकदा दोन भावांची पैज लागली होती. धाकटा सगळं बंद करून तीस एफपीएस जास्त घेऊन खेळायचा, थोरला सावल्या ठेवून. थोरला दारामागून येणाऱ्याला दरवेळी आधीच ओळखायचा आणि धाकटा म्हणायचा, ‘काय बे, चीट मारतो का?’

सीएस २ बद्दल आणखी एक. तिथले स्मोक खऱ्या धुरासारखे जागा भरतात, गोळी गेली की भोक पडतं. ते काढायचं काम कार्डावर येतं. म्हणजे त्याच मशीनवर व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसर अडतो आणि सीएस २ मध्ये स्मोकच्या वेळी कार्ड. म्हणून तिथं एमएसएए २ पुरे. एफएसआर शक्यतो बंद. ते आतून कमी रिझोल्यूशनचं चित्र काढून मोठं करतं, लांबचा माणूस परत पुसट. डीएलएसएस (एनव्हिडियाचं तशाच कामाचं तंत्र) तुझ्या कार्डात नाहीच, ते आरटीएक्सवाल्यांचं. फ्रेम जनरेशनची जाहिरात बघून हळहळू नकोस. मधल्या फ्रेम बनवून भरल्यानं आकडा फुगतो, पण तुझ्या क्लिकचा परिणाम उलट थोडा उशिरा दिसतो.

४:३ आकाराचं चित्र ताणून खेळायची फॅशन सीएसमधून आली. तिथं १६:९ ला आडवं दृश्य साधारण १०६ अंश दिसतं, ४:३ ला ९०. शत्रू रुंद दिसतो हे खरं, पण तो स्क्रीनवरून तितक्याच जास्त वेगानं सरकतोही, आणि दोन्ही बाजूंची पट्टी दिसत नाही ती वेगळी. सवय असेल त्यानं खेळावं. व्हॅलोरंटमध्ये तो कोन १०३ अंशांवर ठरलेला आहे, तिथं या खटाटोपातून काही निघत नाही.

व्ही-सिंक बंद. तो मॉनिटर तयार होईपर्यंत फ्रेम अडवून धरतो, आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसायचं थांबवायचं असेल तर फ्रीसिंक चालू कर आणि एफपीएस १४१ वर बांध. मॉनिटरच्या हद्दीच्या दोन-तीन खाली राहिलं की ते नीट काम करतं. मॉनिटरमध्ये फ्रीसिंक नसेल तर हिवाळ्यात मोकळं सोड, उन्हाळ्यात १६० च्या आसपास बांध.

एनव्हिडिया रिफ्लेक्स दोन्ही गेममध्ये चालू ठेव. त्याचं काम समजून घे. कार्ड दमलेलं असलं की प्रोसेसरनं पाठवलेल्या फ्रेम त्याच्या दारात रेशनच्या रांगेसारख्या उभ्या राहतात आणि तुझा क्लिक त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. रिफ्लेक्स रांगच लागू देत नाही. व्हॅलोरंटमध्ये तुला फरक जाणवणार नाही, कारण कार्ड रिकामं आहे. सीएस २ मध्ये जाणवेल. ‘ऑन प्लस बूस्ट’ नको, ते कार्डाचा वेग कायम वर ठेवतं आणि आपल्याकडे गरमीची आधीच कमी नाही.

एक गोष्ट ग्राफिक्सच्या पानावर नसते, पण मला ती टेक्स्चरपेक्षा महत्त्वाची वाटते. व्हॅलोरंटच्या जनरल सेटिंगमध्ये शत्रूच्या कडेचा रंग बदलता येतो. मूळ लाल. तो पिवळा करून आठवडाभर खेळ. लालसर-तपकिरी भिंतींपुढे आणि आगीच्या जवळ पिवळी कड पटकन डोळ्यात भरते. फुकट आहे आणि मशीनवर काडीचंही ओझं नाही. सीएस २ मध्ये बूस्ट प्लेअर कॉन्ट्रास्ट चालू कर, तेही त्याच कामाचं.

शत्रू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसत असेल आणि फ्रेम टाइमची रेघ सपाट असेल, तर ते नेटचं दुखणं. स्टॅट्समध्ये पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी माहिती) बघ, सर्व्हर मुंबईचा निवडलाय का बघ, वायफाय सोडून केबल लाव. ग्राफिक्सच्या पानावर त्याचं औषध नाही.

सगळं एकदम बदलू नकोस, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आज रिफ्रेश रेट, केबल आणि रिझोल्यूशन. रविवारी कॅबिनेट. मग रॅम. दुकानात जाताना आत्ताची पट्टी काढून सोबत ने, वेग आणि व्होल्टेज तिच्यावरच्या स्टिकरवर असतं, नुसतं ‘आठ जीबी द्या’ म्हणू नकोस. बसवताना बोर्डावर दोनच खाचा असतील तर प्रश्न नाही. चार असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी.

आणि तपासणी प्रॅक्टिस रेंजमध्ये करू नकोस. तिथं बॉट (कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू) गुमान उभे असतात, कुठलंही मशीन हिरो दिसतं. साध्या डेथमॅचमध्येही खास शक्ती, म्हणजेच अ‍ॅबिलिटी नसतात. टीम डेथमॅच लाव, तिथं पाच-पाच जण एकाच वेळी सगळं फेकत असतात. दोन मॅच खेळ, दुसरी संपताना तापमान बघ, आणि मला परत लिहिताना सरासरी लिहू नकोस. रेघ सगळ्यात खाली गेली तेव्हा आकडा किती होता, तेवढा कळव.